दादाचा बँड, माझा बँड

२८ जुलै. नागपंचमीचा आदला दिवस, म्हणजे भावाचा उपवास. कुंडलजवळच्या आमच्या गावात दादाच्या ओसरीवर बसून मी एका जुन्या कॅसेटची बुरशी काढत होते. काम अवघड नाही, पण वेळखाऊ आहे. पाच बारीक स्क्रू काढून झाकण उघडायचं, स्पिरिटमध्ये भिजवून घट्ट पिळलेला कापूस चिमटीत धरायचा आणि फीत त्यातून हळूहळू ओढत दुसऱ्या चाकावर गुंडाळायची. कापूस मळला की बदलायचा. मी साताऱ्यात परिचारिका आहे, कापूस आणि स्पिरिट पिशवीत कायम असतं. तीन तास लागले. दादाला त्याचा बँड पुन्हा ऐकवायचा होता आणि त्यासाठीच मी दोन दिवसांची रजा टाकून आले होते.

बँड म्हणजे लग्नाच्या वरातीतला नव्हे. दादा तोफखान्यात होता. लग्नाआधी त्याची बदली ईशान्येकडे झाली होती. तिथं गल्लोगल्ली पोरं गिटार वाजवतात, असं त्यानं पत्रात लिहिलं, तेव्हा आम्हाला ती थाप वाटली होती. पहिल्या सुट्टीवर आला तो दोन कॅसेटी घेऊन. दोन्ही विलायती रॉक बँडच्या, दोन्ही भरल्या मैदानात वाजवलेल्या. मी तेव्हा सांगलीत नर्सिंग शिकत होते. त्यानं न बघता एक माझ्या हातात दिली आणि एक स्वतः ठेवली. हातात आला तो आपला, एवढंच. माझ्या बँडात पियानो होता आणि सगळं मैदान एका सुरात गायचं. त्याच्या बँडात दोन गिटारी आणि असा ड्रम, की आमच्या घरची भांडी मांडणीवर थरथरायची.

पुढं तीस वर्षं आम्ही भांडलो. सुट्टीवर आला की पहिल्या चहालाच सुरू.

"तुझा गाणारा रडतो का गातो गं? त्याला म्हणावं, आधी नाक शिंकर."

"तुझे गडी गातात कुठं? नुसता पत्रा बडवतात."

"पत्रा? आमच्या पलटणीत लावला तर मद्रासी सुभेदार बी मान हलवतो. तुझा लावला की झोपतो."

इंग्रजी दोघांनाही बेताचंच. शब्द कळायचे नाहीत, पण गिटार कुठं चढते, ड्रम कुठं थांबतो, हे तोंडपाठ. दादा तर तोंडानं अख्खं गाणं वाजवून दाखवायचा, ताटावर चमच्यानं ठेका धरून. आई म्हणायची, या दोघांना एकाच घरात दिलं नाही तेच बरं. भाऊबीजेच्या ओवाळणीतसुद्धा त्यानं मला एकदा त्याच्याच बँडची कॅसेट घातली होती. मी ती ताटातून उचलून त्याच्याच खिशात ठेवली.

आमच्या घरात हळू कुणी बोलतच नाही. शेतावरून हाक मारायची सवय, ती घरातही तशीच. या भांडणात तर आम्ही एकमेकांवर ओरडायचोच. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं जे कळलं ते मला इतकी वर्षं का कळलं नाही, याचं एवढंच उत्तर माझ्याकडे आहे.

दादा हवालदार झाला, मग नायब सुभेदार झाला, निवृत्त होऊन ऊस बघू लागला. काही वर्षांपूर्वी त्याचा बँड मुंबईला आला. मी मुलीकडून दोन तिकिटं काढून घेतली आणि त्याला मेसेज केला: माझी हार, चल, तुझे गडी बघून येऊ. त्याचं उत्तर आलं, "म्हातारे झाल्यात ते. मला बघायचं न्हाई."

मी फोन केला. उचलला नाही. तो फोन कधीच उचलायचा नाही, मेसेज कर म्हणायचा. मग मी गावाला आले आणि तोंडावर विचारलं. म्हणाला, "ऊसतोड हाय." ऊसतोड संपली होती, फड रिकामा पडलेला मी येताना बघितला होता. मला राग आला. मी म्हणाले, "तुला माझ्याबरोबर यायची लाज वाटते का, तेवढं सांग." तो उठून गोठ्यात गेला.

मी मुलीबरोबर गेले. त्यांचं ते सगळ्यात मोठं गाणं लागलं, तेव्हा फोनवर चित्रण करून त्याला पाठवलं. खरं तर चिडवायला पाठवलं. अर्ध्या तासानं उत्तर: "दुसऱ्या सोलोला हात आखडला गड्याचा. जुनी बात न्हाई राहिली." मी ते वाचून फोन पर्समध्ये टाकला. एवढं करून वर दोष काढतो! त्या वर्षी पंचमीला मी माहेरी गेले नाही. राखी पोस्टानं पाठवली. पुढच्या वर्षीही तेच.

गेल्या महिन्यात नवा फोन घेतला. जुन्यातलं नव्यात भरताना मुलगी म्हणाली, "आई, ह्या क्लिपला आवाजच नाही."

"कुठल्या?"

"मामाच्या बँडच्या. त्या दिवशी फोन प्लॅस्टिकच्या पाकिटात होता ना तुझा? नुसतं चित्र आलंय."

मी आवाज पूर्ण चढवला, फोन कानाला लावला. काही नाही. खाली दादाचं उत्तर तसंच होतं. दुसऱ्या सोलोला हात आखडला.

मी पंचवीस-तीस वर्षं लोकांचे कान, डोळे, रक्तदाब बघते आहे. पेशंट दारातून आत आला की त्याला काय होतंय याचा अंदाज येतो, असं नव्या मुलींना सांगत असते. आणि माझा भाऊ. फोन घेत नाही. नेहमी समोर बसतो, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. लग्नाला आला की मांडवात न बसता स्वयंपाकाकडे जातो. त्या रात्रीची ड्यूटी मी बदलून घेतली नाही, पण एका पेशंटचं सलाइन दोनदा बघायला गेले आणि दोन्ही वेळा कशासाठी गेले ते विसरले.

रविवारी गावाला गेले. दादा परड्यात पाठमोरा बसून विळ्याला धार लावत होता. मी मागून साध्या आवाजात म्हणाले, "दादा, तुझा बँड टुकार आहे." तो धार लावत राहिला. आणखी जवळ जाऊन पुन्हा म्हणाले. धार लावत राहिला. मग माझी सावली पुढं पडली तसा वळला आणि म्हणाला, "कवा आलीस?"

मी त्याला क्लिप दाखवली. तो खोटं बोलला नाही.

तोफांच्या सरावात कानात कापूस घालायचे, पण कापूस किती पुरणार. दरवर्षी मेडिकल असायची. डॉक्टर मागं उभा राहून कुजबुजत आकडे सांगायचा आणि जवानानं पाठमोरं राहून ते मोठ्यानं म्हणायचे. नाही जमलं तर कॅटेगरी खाली, आणि कॅटेगरी खाली गेली की बढती अडली.

"मग?"

"समोर रांगेत जोडीदार असायचा. त्यो पोटाजवळ बोटं दाखवायचा. पळायच्या टेस्टला त्याच्या नंबरावर मी पळायचो. त्याचं गुडघं गेल्यालं, माझं कान." हसला. "मेडिकल पास. दंडावर फीत लागली. लय पेढं वाटलं."

"आणि नंतर? सुटून आल्यावर का नाही सांगितलंस?"

"कुणाला सांगू? तुला? तू मला बँडवरनं बोलायचं सोडलं असतंस."

वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "वन्सं, मला वाटायचं हे ऐकून न ऐकल्यागत करत्यात. माझा भाऊ बी तसंच करतो. मी म्हटलं, बाप्यांची जातच ती." आणि मग पदर तोंडाला लावून आत गेली.

सांगलीला नेऊन तपासणी केली. दोन्ही कान गेलेले, बारीक, उंच आवाज तर पूर्ण गेलेले. कानाचं मशीन मिळालं. तपासणाऱ्यानं सांगितलं, बोलणं बरंच कळेल, गाण्याचं मात्र सांगता येत नाही. मी ते ऐकलं, आणि ऐकूनही पंचमीच्या आदल्या दिवशी कापूस-स्पिरिट घेऊन बसले. माझ्या डोक्यात एकच: त्यानं तिकीट नाकारलं ते मी चुकीचं समजले, तर निदान हे एक गाणं त्याला मिळालं पाहिजे. एवढं झालं की मधली वर्षं भरून निघतील, असं मी धरून चालले होते.

दुपारी टेप लावला. दादा समोरच्या खाटेवर बसला, दोन्ही कानांत मशीन, हात मांडीवर. भरतीच्या रांगेत बसल्यासारखा. वहिनी शेंगा फोडत होती, ती थांबली.

बुरशी काढूनही सुरुवातीला खरखर होती, मग आवाज सुटला. मी तो बँड तीस वर्षं नुसता चेष्टेसाठी ऐकला होता. नीट असा त्या दिवशी ऐकला. दोन गिटारी एकीच्या मागं एक चढत गेल्या, ड्रम मधेच थांबला आणि सगळं मैदान ओरडलं. मी दादाकडे बघितलं.

तो कपाळाला आठ्या घालून टेपकडे बघत होता. मग त्यानं विचारलं, "हेच हाय का गं ते?"

"हेच आहे."

"पत्र्यावर वाळू वतल्यागत येतंय." त्यानं मशीन थोडं फिरवलं, मान तिरकी केली, उठून टेपपाशी गेला, गुडघ्यावर बसून कान जाळीला लावला. मैदानातले लोक टाळ्या वाजवत होते. "गिटार कवा येती?"

"चालू आहे दादा. आत्ता चालू आहे."

त्यानं एकदम हात पुढं केला. "बंद कर. बंद कर आधी." मला बटण सापडेना. त्यानंच दाबलं. मशीन काढून मुठीत घेतलं. म्हणाला, "माझ्या डोक्यात वाजतंय ते अजून साबूत हाय. सगळं हाय, दोन्ही सोलो. त्याच्यावर हे बसलं तर ते बी जाईल. परत लावू नगंस."

मी त्याच्या समोर जाऊन बसले, त्याला ओठ दिसतील अशी, आणि म्हणाले, "तुझा बँड भारी आहे. माझ्यापेक्षा भारी आहे."

मी हे मनापासून म्हणाले होते. त्याचा चेहरा पडला.

"हे नगं करूस," तो म्हणाला. "तू आजारी माणसांशी बोलतीस तसं बोलाया लागलीस. माझ्याशी भांडत हुतं असं एकच माणूस हुतं. आता मी कुणाशी बोलू?"

"मग भांडते."

"भांड की."

मी तोंड उघडलं. तुझे गडी पत्रा बडवतात, हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा बोलले असेन. ते निघेना. तो माझ्या ओठांकडे बघत थांबला होता. वहिनीनं शेंगांचं सूप उचललं आणि आत गेली. मग दादा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. वैरण टाकायची हाय," आणि उठला.

दुसऱ्या दिवशी पंचमी. सकाळी पूजा झाली. चिरणं, तळणं त्या दिवशी करत नाहीत, त्यामुळे वहिनी पुरणाची दिंडं उकडायला ठेवून मोकळी होती. दादा रानात गेला होता. मी वहिनीला आणि तिच्या मुलाला, माझ्या भाच्याला, स्वयंपाकघरात उभं केलं आणि वॉर्डातल्या नव्या मुलींना शिकवते तसं शिकवलं. मागून हाक मारायची नाही. समोर यायचं, खांद्याला हात लावायचा, मग बोलायचं. उजेड आपल्या तोंडावर पडला पाहिजे. ओरडायचं नाही. ओरडलं की मशीनमध्ये आवाज फाटतो. वहिनी तीनदा ओरडलीच. चौथ्यांदा तिला जमलं. ती भाच्याच्या समोर उभी राहून हळूच म्हणाली, "चहा घेता का?" आणि तिचा तिलाच आवाज ओळखू आला नाही.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या एसटीला दादा मला फाट्यापर्यंत सोडायला आला. मशीन घातलेलं होतं. गाडी येईपर्यंत आम्ही पाण्याच्या पाळीबद्दल बोललो, माझ्या मुलीच्या नोकरीबद्दल बोललो, उसाच्या मुळाला लागणाऱ्या हुमणीच्या औषधाबद्दल बोललो. मी हळू बोलत होते, त्याला सगळं कळत होतं. बँडचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. गाडी आली, मी चढले आणि साताऱ्याला जायला आधी कराडचं तिकीट घेतलं.