सिरोंच्याच्या खडीवर आमची अँबेसिडर

चंद्रपुरात आमचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली होती. पावसाळा तोंडावर आला की बाबा छतावर चढायचे. चुलीवर डांबर पातळ करायचं आणि दिसेल ते भोक बुजवायचं. तरी रात्री कुठेतरी गळायचंच. आई वीटभट्टीवर जायची, बाबा गॅरेजमध्ये दिवसभर गाड्यांखाली पाठीवर पडून काम करायचे. त्या खोलीतून मी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही.

आमची पांढरी अँबेसिडर मूळची एका लाकूड ठेकेदाराची. जंगलातल्या कामांसाठी तो तिच्यातून सिरोंच्याला जायचा. तिथं गाडी अडली की बाबांना बोलावणं यायचं. बाबा एस.टी.ने जायचे, खडीवर पडून गाडी दुरुस्त करायचे आणि एस.टी.नेच परतायचे. पुढे ठेकेदाराने धंदा गुंडाळला आणि गाडी गॅरेजच्या मागे गंजत पडली. भंगारात जायच्या आत आम्ही ती घेतली.

"एकडाव त्या रस्त्यानं सीटवर बसून जाईन म्हणतो," बाबा म्हणाले.

वरचा रंग सोपा होता, खरं काम खाली होतं. पत्रा घासून गंज काढला, लाल प्रायमर मारला आणि खडीचा मार सोसावा म्हणून त्यावर रबरासारखा जाड थर दिला. दारांखाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत एक पोकळ पेटी जाते. गाडीचा भार तीच पेलते. ती पार सडली होती, नव्या पत्र्याची करावी लागली. या कामात बाबांची पाठ कायमची धरली. ती पेटी पुन्हा सडली तर गाडी भंगारातच जाणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दसरा झाल्यावर आम्ही दोघं निघालो, गाडी मी चालवत होते. आई दारात उभी होती. "जा, पण ढकलत येऊ नका," एवढंच म्हणाली.

बल्लारपूर मागे पडलं. दोन्ही बाजूंना लोंब्यांनी वाकलेला धान उभा होता. आष्टीजवळ वैनगंगेचा पूल लागला. बाबा खिडकीची काच खाली करून बसले होते, जणू ते पाणी आजच पाहत होते. एस.टी.त त्यांना कधी खिडकी मिळाली नसावी.

आलापल्लीला भजी खाताना पाऊस सुरू झाला आणि चांगला तासभर झोडपत राहिला. पुढे सागाचं जंगल, आणि रस्त्याचं काम चालू असल्याने सुटी खडी. चाकांनी उडवलेला दगड खाली लागला की बाबा पाय वर घ्यायचे.

"बाबा, आवाज ऐका. उघडा पत्रा टणटण वाजतो. हा धप वाजतो. थर टिकून आहे."

"वाजू दे ना पोरी. लागते तर मलेच."

सिरोंच्याला गोदावरीच्या बाजूला एका खानावळीपुढे गाडी उभी केली. खानावळ चालवणाऱ्या बाईंची मराठी तेलुगूत भिजलेली. बाबांनी दार लावलं आणि दाराच्या आत, खाली, पाणी डचमळलं.

बाई हसल्या. "काय भाऊ, गाडीत नीळ्ळु (पाणी) भरून आणलं? आमच्या गोदावरीत काय कमी हाये का?"

बाबा हसले नाहीत. मी टॉर्च घेऊन खाली वाकले. पाणी वाहून जावं म्हणून दारांच्या आणि त्या पेटीच्या तळाला मी भोकं मोकळी ठेवली होती. एकही दिसेना. सगळीकडे काळं डांबर.

"बाबा, भोकं कुठी गेली?"

"बुजवली मी. तू कामावर गेली होती तवा डांबराचा एक हात मारला. तू विसरून राह्यली होती."

"विसरले नव्हते. मुद्दाम ठेवली होती."

"भोक कोणी मुद्दाम ठेवते का? खालून चिखल येईन ना."

"पाणी काचेच्या फटीतून वरून येणारच, बाबा. त्याला जाऊ तर द्या. आत साचलं तर पेटी आतूनच सडेल."

बाबा गाडीच्या मागे गेले. मग डिक्कीतून पेचकस काढला. मी हात पुढे केला, पण त्यांनी दिला नाही. "मीच बुजवली, मीच उघडतो." बाईंनी पोतं अंथरून दिलं. पाठीला हात लावत बाबा खडीवर आडवे झाले.

पेचकस डांबरातून गेला आणि धार लागली. पाणी लालसर होतं. गंज असेल तर पेटी गेलीच. मी ओंजळीत पाणी धरून बोटांनी चोळलं. मऊ माती होती, रस्त्यावरची. गंजाचे खरखरीत पापुद्रे नव्हते. बाबांनी पेचकसाच्या मुठीने पेटी ठोकत नेली. आवाज सगळीकडे घट्ट.

"शाबूत हाये," ते खालूनच म्हणाले. मग चाकाकडे सरकून, "अन् हे पाह्य. चाकामागं तुहं रबर पातळ बसलं होतं, तिथं माह्या डांबरानं खडी झेलली."

खरंच, चिक्कीत दाणे बसावेत तशी खडी डांबरात रुतली होती. तिथलं डांबर राहू दिलं.

मग बाईंनी चेपला पुलुसु (चिंचेच्या कोळातला माशांचा रस्सा) आणि भात वाढला. बाबांनी दोनदा भात मागून घेतला.

परतीलाही आलापल्लीच्या अलीकडे पावसाने गाठलं. चहाला थांबलो, तेव्हा गाडीखालून बारीक धारा लागल्या होत्या. बाबा कप घेऊन वाकून त्याच पाहत राहिले. मला वाटलं, पाणी अडवणं हेच ज्यांचं आयुष्यभराचं काम होतं, त्यांना ते जाऊ देणं शिकायला किती जड गेलं असेल. डिग्री माझी असली तरी ते शिकणं त्यांचं होतं.

चंद्रपूरला येताच गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहिली. तळ कोरडा, पेटी शाबूत, भोकं मोकळी. बाबा त्या गाडीत सीटवर बसून सिरोंच्याला गेले आणि बसूनच घरी आले.