स्वहस्ताक्षरात

आमची आत्या टायपिस्ट म्हणून निवृत्त झाली, तेव्हापासून अंध मुलांचे पेपर लिहून देते. मूल चुकीचं उत्तर सांगतं तेव्हा दातओठ खात तेच लिहिते. पण तिचं डोकं फिरवतं ते परीक्षा कार्यालय.

यंदा एका मुलीला घेऊन ती लेखनिकाचा अर्ज द्यायला गेली. कारकून म्हणाला, “‘मला लिहिता येत नाही’ असं हिने स्वहस्ताक्षरात लिहून द्यायचं. नियमच आहे.”

आत्याने कपाळाला हात लावला. मुलीने मात्र पेन मागितलं. नजर होती तेव्हा गिरवलेली अक्षरं आठवत, अर्धा तास खपून तिने ते वाक्य वेडंवाकडं उमटवलं.

कारकुनाने कागद निरखला. “येतंय की लिहिता. मग लेखनिक कशाला हवा?”