आंधळगावात सांताला हळद लागते

यंदा नाताळच्या सुट्टीची बॅग भरताना माझ्या लेकीने, बारा वर्षांच्या ओवीने, जाहीर केलं, "सांता वगैरे काही नसतो. मी निनादला सांगून टाकणार आहे." निनाद तिचा धाकटा भाऊ, सहा वर्षांचा, सांतावर जीव टाकणारा. मी तिला कसंबसं माहेराहून परत येईपर्यंत थांबवलं. दरवर्षी नागपूरच्या मॉलमध्ये रांग लावून सांतासोबत फोटो काढतो. या वेळी मात्र माझ्या दादाने फोनवर सांगितलं होतं, "पोरं घेऊन इकडं ये. सांता मी आणतो."

मुलांना घेऊन जाणार असाल, तर नागपूरहून सकाळची पॅसेंजर बरी. भंडारा रोडला उतरा. हे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीत आहे, हे आधीच सांगते. बाहेर तर्री-पोहे खा, मुलांना तर्री कमी घाला. तिथून ऑटोने मोहाडी, मग दुसऱ्या ऑटोने आंधळगाव, माझं माहेर. तिकीट इतकं स्वस्त, की निनादच्या फुटाण्यांनाच जास्त पैसे गेले.

दादा हातमागावर कापड विणतो. मुलांना नाताळचं झाड हवं होतं, तर त्याने धानाच्या बांधावरून तुरीचं एक झाड उपटून आणलं आणि अंगणात डब्यात रोवलं. मागावरच्या रंगीत सुताच्या कांड्या ओवीने एकेक करून त्यावर टांगल्या. लहानांना कागदाच्या चांदण्या पुरतात, पण बारा वर्षांच्या मुलीला असं खरं काम द्यावं लागतं. त्या तासाभरात तिने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. निनाद खालून हिरव्या शेंगा सोलून खात होता, त्यामुळे झाड अर्धं सजत होतं आणि अर्धं संपत होतं.

खरी अडचण दाढीची झाली. दादाने कापसासाठी उशी मागितली, तर वहिनी म्हणाली, "उशी फाडाले देणार नाई. सांत्याले म्हणा, घरून दाढी घेऊन ये." शेवटी दादाने धानाची तणस, म्हणजे भाताचा पेंढा, दोऱ्याने कानांना बांधली. वर लाल लुगडं गुंडाळून संध्याकाळी तो गुरांच्या कोठ्यामागून पोतं घेऊन आला.

निनाद बघतच राहिला. "याची दाढी पिवळी का आहे?"

"हळद लागली हाये मले," सांता म्हणाला. "लगन हाये."

वहिनी हसत हसत आत पळाली. निनादला हे पटलं. सांता पोत्यातून सांबारवडीचा, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबीरवडीचा, डबा काढायला वाकला, तशी कोठ्याच्या तोंडाशी बांधलेल्या गाईने मान लांब केली आणि दाढी ओढली. दोरा तुटला. गाय शांतपणे सांताची दाढी चघळू लागली आणि लुगड्यातला दादा उघडा पडला.

"मामा?" निनादचा आवाज अगदी बारीक झाला होता.

मी ओवीकडे पाहिलं. तिला हवी होती ती संधी आयतीच समोर आली होती. ती त्याच्याजवळ जाऊन बसली.

"अरे, खऱ्या सांताला एकट्याला सगळीकडे जमत नाही. म्हणून त्याने मामाला एजन्सी दिली आहे."

"हो ना," दादाने घाम पुसला. "मोहाडी तालुका मायाकडेच हाये."

"आणि गोंदिया?" निनादने विचारलं.

"गोंदिया कवाचाच अलग जिल्हा झाला बाप्पा. तिथं दुसरा मानूस."

निनादने मान डोलावली आणि डबा उघडला. ओवीने त्याला वडी भरवली, एक स्वतः खाल्ली, आणि परतीच्या गाडीत ती सारखी स्वतःशीच हसत होती.

घरी येऊन कपडे धुवायला काढले, तर प्रत्येक खिशातून तणस निघाली. मॉलमधले सगळ्या वर्षांचे फोटो माझ्याकडे आहेत. या वर्षीचा एकही नाही, कारण मोबाइल हातात असूनही हसण्याच्या नादात कोणालाच सुचलं नाही. मला त्याची हळहळ वाटत नाही.

मी कणीक मळत असताना निनाद स्वयंपाकघरात आला आणि दार लोटून घेतलं.

"आई, तो मामाच होता. एजन्सी काही नसते."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"ताई किती छान समजावत होती." त्याने दाराकडे एकदा पाहून घेतलं. "तिला सांगू नको हं. लहान आहे ती अजून."