चिठ्ठीमागचा भाव

माझी मावशी बावीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या बिलाच्या काउंटरवर बसली. समोर काच, काचेला खाली अर्धगोल भोक. बोलायचं तर माणसाला वाकावंच लागे. मावशी म्हणायची, "ही काच बसवणारा हुशार. भाव विचारायलासुद्धा मान खाली घालूनच यायचं."

सगळे दर तिला तोंडपाठ. एकाच तपासणीचे तीन दर: रोख भरणाऱ्याला एक, विमावाल्याला दुसरा, साहेबांच्या ओळखीतल्याला तिसरा. पण कुणी "एकूण किती होतील हो?" विचारलं, तर तिनं एवढंच म्हणायचं, "ते डॉक्टर ठरवतील." ती तसंच म्हणायची. आणि हीच बाई घरी जाताना अर्धा किलो टोमॅटोसाठी चार गाड्या फिरायची. आई तिला चिडवायची, "फुकट मिळालेल्या पिशवीचाही भाव विचारशील तू!"

एकदा एक बस कंडक्टर आला. मुलीच्या पाठीचा एमआरआय करायचा होता. त्यानं स्कूटर विकून पैसे भरले. पावती मावशीनंच दिली. रस्त्यापलीकडे एक तपासणी केंद्र होतं. तिथं तोच एमआरआय निम्म्याहून कमी पैशात व्हायचा, आणि दोन्हीकडचे रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर एकच. सकाळी इकडे, दुपारी तिकडे. मावशीला हे माहीत होतं. महिन्याभरानं कंडक्टरलाही कळलं. तो आला, पण भांडला नाही. भोकाशी वाकून म्हणाला, "बाई, तुम्हाला ठाऊक होतं?"

मावशीला खोटं बोलवेना, आणि खरंही.

"असू दे," तो म्हणाला. "तुमचीही नोकरी आहे."

संध्याकाळी ती आमच्याकडे आली आणि आईला म्हणाली, "शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं मला माफ केलं गं. तेच डाचतंय."

त्यानंतर ती टोकनच्या चिठ्ठीमागे पेन्सिलीनं समोरच्या केंद्रातला आकडा लिहायला लागली. चिठ्ठी सरकवताना पुटपुटायची, "घाई नसेल तर समोर विचारून या." सगळ्यांना नाही. भरायचा आकडा ऐकून ज्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं दिसे, त्यांनाच. अपघातातून आलेल्याला, धाप लागलेल्याला तिनं कधी हलवलं नाही. घर जळत असताना पाण्याचा भाव कुणी विचारत नाही, हे तिला कळत होतं.

असं दोन वर्षं चाललं. मग एक कापडवाले शेठ आले. त्यांना पैशाला तोटा नव्हता. पण शेजारी उभ्या बायकोचा चेहरा रडवेला दिसला, म्हणून मावशीनं त्यांनाही चिठ्ठी दिली. शेठ रस्ता ओलांडून गेलेच नाहीत. थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरले आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. "समोर एवढ्यात होतंय. तुमच्याच बाईंनी लिहून दिलंय. बोला, किती कमी करता?"

त्यांचं काम झालं. मावशीला आत बोलावणं आलं.

"बाई, मीठ कोणाचं खाता?" मॅनेजरनं विचारलं.

"काचेसमोर वाकतात त्यांचं. पगार त्यांच्याच बिलातून येतो ना?"

"आणि समोरून किती सुटतात?"

हा प्रश्न तिच्या डोक्यातच आला नव्हता. "एक पैसाही नाही," ती म्हणाली.

मॅनेजर हसला. "फुकट कोण करतं, बाई?"

दुपारी ती घरी होती. नोकरी गेल्यापेक्षा त्या हसण्यानं ती जास्त पोळली.

आठवड्याभरानं समोरच्या केंद्राचे मालक तिच्या दोन खोल्यांच्या घरी आले. मी तिथेच होते. पाणी मीच दिलं. त्यांनी खिशातून एक जाडजूड पाकीट काढलं. "दोन वर्षं तुम्ही माणसं पाठवलीत. आम्ही विसरलो नाही."

"मी माणसं पाठवली नाहीत. भाव सांगितला."

"तेच ते."

"हे घेतलं तर मॅनेजर खरा ठरेल."

"नाही घेतलंत तरी तो गावभर तेच सांगतोय," ते शांतपणे म्हणाले. "मग घ्या की."

मावशीनं पाकीट उचलून त्यांच्याच हातात कोंबलं. चपला घालताना ते सहज बोलून गेले, "गर्दी वाढली ना, दर थोडे चढवलेत आम्ही. आता तुमच्या हॉस्पिटलच्या जवळपासच आलोय."

मग तिनं आरोग्य खात्याकडे अर्ज केला: दर दाराशी लावा. साक्षीला कुणीतरी हवं, म्हणून ती कंडक्टरचं घर शोधत गेली. त्यानं दार अर्धंच उघडलं. "बाई, मुलीचे उपचार त्याच हॉस्पिटलात चालू आहेत. माझं नाव नको." मावशी म्हणाली, "बरोबर आहे," आणि जिना उतरली.

अर्ज मात्र वाया गेला नाही. सहा महिन्यांनी हॉस्पिटलच्या दाराशी फलक लागला. प्रत्येक आकड्यापुढे लिहिलं होतं, "पासून पुढे". मावशी बघून आली आणि म्हणाली, "दर कसला, पत्ता सांगितलाय. नाक्यापासून पुढे, कुठपर्यंत ते विचारू नका."

ओळखीपाळखीचे तरीही विचारायला यायचे. कुठं स्वस्त, कुठं बरं. ती सांगायची. एकदा शेजारच्या वहिनी हसत म्हणाल्या, "सांगा हो, तुमचंही थोडं सुटत असेल तर सुटू दे." त्या दिवशी तिनं सांगणं बंद केलं.

गेल्या वर्षी माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. आईनं विचारलं, "रास्त कुठं होतं गं?"

"मला विचारू नकोस, ताई."

"सख्ख्या बहिणीलाही सांगणार नाहीस?"

मावशी कपड्यांच्या घड्या घालत राहिली. आई चिडून उठली. आम्ही जवळच्या दवाखान्यात गेलो आणि मागितले तेवढे भरले. ते जास्त होते की रास्त, आम्हाला आजही माहीत नाही. डोळा बरा झाला. बहिणी अजून बोलत नाहीत.