चाकोरी बघणारा चंद्रभान

ताडकळसच्या चंद्रभान सुताराला मोटारीतलं काही कळतं, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या तोंडावर हसलो असतो. मी बन्सीधर, परभणीचे कापसाचे अडते मन्मथअप्पा यांचा ड्रायव्हर. हैदराबादेत शिकून आलेला, अंगात खाकी कोट आणि डोक्यात हवा. आणि चंद्रभान जन्मभर बैलगाड्यांची चाकं करत आलेला.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मुंबईहून पुर्जे यायचे बंद झाले होते आणि आमची मोटार म्हातारी झालेली. खड्डा आला की खडाड वाजायची आणि मागून डुलायची. महिनाभर मी तिच्याखाली टॉर्च घेऊन लोळलो, पण सैल नेमकं काय झालंय ते सापडेना. एकदा अप्पांचं डोकं टपावर आपटलं. ते शांतपणे म्हणाले, "बन्सीधर, दिवाळीपत्तर हिचा आवाज गेला न्हाई तर इकून टाकतो. मग तू बैलं हाक."

माझी पाचावर धारण बसली. हैदराबादेत तीन कारखान्यांत विचारून आलो, तिघांनीही हात वर केले.

अप्पा दर आठवड्याला ताडकळसच्या बाजारात कापूस घ्यायला जायचे. अशाच एका बाजारच्या दिवशी आमची मोटार चंद्रभानाच्या दारासमोरून खडखडत गेली आणि पुढे लिंबाखाली थांबली. चंद्रभान बाहेर आला. मोटारीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. तो सडकेच्या धुळीत वाकला, टायरच्या रेघेवर बोट ठेवत बरंच अंतर मागे गेला, परत आला आणि अप्पांना म्हणाला, "मागचं डावं चाक लंगडायलंय. कमानीच्या म्होरल्या टोकाचा खिळा बघा."

मी मनात म्हटलं, आला उंटावरचा शहाणा. पण जॅक लावून पाहिलं, तर नेमका तोच खिळा खुळखुळत होता. महिनाभर लोखंडात शोधलेलं त्या माणसानं धुळीत वाचलं होतं.

कमान म्हणजे चाकावरच्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग; तिच्या टोकाला डोळा, म्हणजे गोल भोक असतं. डोळ्यात पितळेचं बूश, म्हणजे नळीसारखं अस्तर, आणि बुशात खिळा. चंद्रभानानं खिळा ठोकून काढला आणि डोळ्यात बोट घातलं. बोट बाहेर आलं ते कोरडं, तांबडा गंज लागलेलं.

इथं खरं सांगून टाकतो. त्या खिळ्याला आठवड्याला वंगण द्यायचं असतं. ते गाडीवानाचं काम, असं समजून मी दोन वर्षं कोट स्वच्छ ठेवला होता.

"वंगण घालत व्हता का ह्यो?" अप्पांनी लिंबाखालून विचारलं.

शेजारी चंद्रभानाची बैलगाडी उभी होती, तिच्याखाली वंगणाचा बांबूचा नळा लटकत होता. अप्पांकडे पाठ करून चंद्रभानानं बोट त्या नळ्यात बुडवलं, मग वर करून दाखवलं. काळं, तेलकट. "वंगण तं हाय, अप्पा. चीज जुनी हाय, झिजनारच."

माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बूश त्यानं लाकडाचं केलं. मोडक्या गाडीचा धावड्याच्या लाकडाचा आख, म्हणजे चाकांचा कणा, होता त्याच्याकडे, चाळीस वर्षं वंगण पिऊन काळा झालेला. त्यातून तुकडा कापला, गिरमिटानं भोक पाडलं, कानसेनं बेताबेतानं घासला आणि दोन दिवस करडईच्या तेलात उकळला. मापाला फक्त एक दोरा. तिसऱ्या दिवशी बूश डोळ्यात ठोकलं आणि खिळा अंगठ्यानं दाबला, तो लोण्यात बोट जावं तसा आत गेला. त्यानं मला मोटार धुळीतून न्यायला लावली. खडाड आवाज नाही. मागची रेघ दोरी लावल्यासारखी सरळ. मी ती रेघ बघतच राहिलो. इतकी विद्या या माणसाच्या बोटांत होती आणि मी ती हैदराबादेत शोधत होतो. काखेत कळसा, गावाला वळसा.

अप्पांनी त्याला धोतरजोडा दिला. जाताना त्यानं आमच्या मोटारीच्या मागे एक वंगणाचा नळा बांधला आणि एवढंच बोलला, "दर बाजारच्या दिशी."

परभणीत पोरं नळा बघून हसायची. मी मात्र पाच वर्षं दर बाजारच्या दिवशी, निघायच्या आधी, कोट काढून मोटारीखाली शिरत होतो. अप्पांनी मोटार विकली नाही. चंद्रभानानं नळ्यात बुडवलेल्या त्या बोटाचा विषय कधी काढला नाही, मीही नाही.

तो वारला ते मला उशिरा कळलं. पुढच्या बाजारच्या दिवशी मी त्याच्या दारात थांबलो. त्याची बायको कडूबाई ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "तुमची मोटार गेली की ते सडकंला जायचे, बाबा. वाकून चाकोरी बघायचे. घरी येऊन म्हनायचे, वंगण घालायलाय पोरगा. मंगच जेवायला बसायचे."

पाच वर्षं मला वाटत होतं, बघणारं कुणी नाही.

आणि त्या दिवशी घाईघाईत मी वंगण न घालताच निघालो होतो. मी कोट काढून कडूबाईच्या ओट्यावर ठेवला, नळा सोडला आणि तिथंच सडकेवर मोटारीखाली शिरलो.