दिवा नसलेला उजेड

फरशीचा नमुना आला की वंदनाताई चप्पल काढायच्या, त्यावर तांब्यातलं पाणी ओतायच्या आणि टाच घासून बघायच्या. मगच संगणकावर त्या फरशीला चकाकी द्यायला बसायच्या. साताऱ्यातल्या माझ्या छोट्या ऑफिसात आम्ही अजून न बांधलेल्या घरांची आतली चित्रं करून देतो. ताई रहिमतपूरहून एसटीने यायच्या. आधी त्या फरशीच्या दुकानात होत्या. "डोळ्याला ग्वाड ते पायाला घात, सर," म्हणायच्या.

उजेडाबाबत तर त्या हटवादीच. चित्रात कुठे प्रकाश दिसला की विचारायच्या, "ह्यो कुठल्या खिडकीतनं आला?" उत्तर नसलं तर काढून टाकायच्या. मी चिडवायचो, "ताई, तुम्ही सूर्याचीसुद्धा हजेरी घ्याल." "घेनार की! कवा येतो, कुठनं शिरतो, समदं लिहून घेनार."

सांगलीच्या एका घराचं काम आलं. दिवाणखान्यात मधेच एक पायरी खाली, आणि सगळीकडे काळा ग्रॅनाइट. खराखुरा उजेड दिला की काळ्यात काळं मिसळून पायरी दिसेनाशी व्हायची. "सर, दगुड बदलाय सांगा, न्हाईतर तिथं दिवा तरी." मालकाला होतं तसंच हवं होतं. काम हातचं जाईल या भीतीने मी स्वतः चित्रातल्या पायरीवर उजेड सोडला. संगणकात दिव्यावाचूनही उजेड पाडता येतो. पायरी झळकली. मालक खूश. ताई एवढंच म्हणाल्या, "ह्यो उजेड त्यांच्या घरात कोन न्हेऊन ठेवनार?"

वास्तुशांतीनंतर आठवड्यात मालकाचा फोन आला. त्यांची आई त्या पायरीवर पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. "चित्रात पायरी लख्ख दिसत होती. कुणी केलं होतं ते?" माझ्या तोंडातून निघालं, "आमच्या वंदनाताईंनी."

ताई समोरच बसल्या होत्या. फोन ठेवून मी मान खाली घातली. त्या भांडल्या नाहीत. "माझं नाव घेतलं ते घेतलं. पर पायरीवर दिवा बसवा म्हनून सांगितलं का न्हाई?"

नव्हतं सांगितलं. सांगितलं असतं तर चित्र खोटं होतं हे कबूल करावं लागलं असतं.

"त्या घरात अजून मानसं चालत्यात, सर. लेकरं हायती."

"उद्या करतो फोन."

"उद्या कवा?"

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. मी दिवसभर फोन हातात घेऊन बसलो, लावला नाही. संध्याकाळी मालकाचाच आला. आणखी कुणीतरी पडलं, या खात्रीनेच मी तो उचलला.

"तुमच्या बाई येऊन गेल्या," ते म्हणाले. "पायरीच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवली, दवाखान्यात आईजवळ बसल्या. चूक माझी म्हणाल्या, हात जोडले. बाई चांगली आहे हो. कामावरून काढू नका."

"नाही काढत," मी म्हणालो.

ताई पुन्हा ऑफिसात आल्या नाहीत. मालक अजूनही माझ्याकडे कामं पाठवतात, आणि दरवेळी विचारतात, "बाई कशा आहेत?" मी म्हणतो, "बऱ्या आहेत."