हजेरीची टेप

आम्ही भडगावला राहायचो, गिरणा नदीच्या बाजूला, पत्र्याच्या एका खोलीत. वडील एका सरकारी रोपवाटिकेत रोजंदारीवर होते. पिशव्यांत माती भरायची, रोपं लावायची, पाणी द्यायचं, औषध फवारायचं. काम बारा महिन्यांचं, पण माणूस रोजचा. दर तीन-चार महिन्यांनी त्यांना आठवडाभर घरी बसवत आणि मग नव्यानं कामावर घेत, म्हणजे 'आम्हाला कायम करा' म्हणायला तोंड राहू नये. त्या आठवड्यात आई दुसऱ्यांच्या कापसात अंधार पडेपर्यंत वाकलेली असायची आणि आम्ही भाकरी ठेच्याशी खायचो. ठेचा तिखट केला की भाकरी कमी लागते, हे मला फार लवकर कळलं.

एकदा वडिलांच्या पायात खिळा घुसला. पाय सुजून चपलेत मावेना. तरी ते पायाला फडकं बांधून कामावर गेले. रजा नावाची गोष्ट त्यांच्यासाठी नव्हतीच.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. जळगावला बी.एस्सी. केलं, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन. हे मी अजूनही कुणी न विचारता सांगते. सांगण्यासारखंच आहे ते.

नंतर धुळ्याला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागले आणि तिथे मला भंगाराचा नाद लागला. नव्वद सालानंतर कचेऱ्यांमधले जुने कॉम्प्युटर मोडीत निघू लागले होते. त्यांच्यासोबत टेप ड्राइव्हही यायचे. दिवसभराचं काम रोज संध्याकाळी एका टेपवर उतरवून ठेवायचं, म्हणजे कॉम्प्युटर बिघडला तरी कागद वाचले, असं ते यंत्र. टेप म्हणजे डायरीएवढी चपटी डबी, खाली ॲल्युमिनियमची पाटी. मी असा एक ड्राइव्ह घेतला तेव्हा भंगारवाला म्हणाला, "ताई, टेपरेकॉर्डर न्या ना. याच्यात गाणं वाजत नाही."

"मला गाणं नकोच आहे."

"मग काय, याचं लोणचं घालणार?"

घरमालकीण तर रोज ऐकवायची, "या वयात पोरी साड्या जमवतात." मी ऐकून घ्यायचे. बंद पडलेली मोटर आपल्या हातानं फिरते तेव्हा काय वाटतं, ते तिला कसं सांगणार? पण खरं सांगायचं तर वर्षभर खटपट करूनही माझ्या ड्राइव्हनं एकही टेप शेवटपर्यंत वाचली नव्हती. टेप फिरवणाऱ्या चाकावरचं रबर आमच्याकडच्या उन्हानं वितळून काकवीसारखं झालं होतं. मी नवं काहीही बसवलं की ते घसरायचं.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी वडील अचानक धुळ्याला आले. रोजंदारीवाल्यांना कायम करायची यादी निघाली होती आणि त्यांच्या रोपवाटिकेतल्या एकाचंही नाव तिच्यात नव्हतं. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरल्याचा पुरावा हवा, आणि हजेरीची रजिस्टरं कचेरी हलवताना भिजून सडली होती.

"मी तठे नव्हतू, ते रोपेस्ले पानी कोन देत व्हतं?" ते मलाच विचारत होते, जणू यादी मीच केली होती. साठीला दोन वर्षं उरली होती त्यांची. ही यादी गेली की संपलं.

मी जळगावच्या कचेरीत गेले. कारकून वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "हजेरी कॉम्प्युटरवर चढवायचो आम्ही. तो मोडीत गेला. टेप आहे, पण ती वाचणार कशावर?" त्यानं कपाटातून डबी काढली. माझ्या ड्राइव्हच्याच मापाची.  साहेबांच्या सहीनं टेप मिळाली. दिवाळीच्या आत छापील हजेरी आणून द्या, नाहीतर यादी वर जाईल, असं त्यांनी बजावलं. दुसरी प्रत नव्हती.

टेप उघडली तर आतला रबरी पट्टा तुटलेला. माझ्याकडे सरावाची एक टेप होती, तिचा पट्टा काढून इकडे घालायचं ठरवलं. चाकाचं रबर मात्र जमेना. धुळ्यात सायकलच्या दुकानांपासून दवाखान्यापर्यंत सगळ्या नळ्या आणून बघितल्या. दसऱ्याला घरी जाताना टेप खोलीवर ठेवायचा धीर होईना, म्हणून ड्राइव्ह आणि टेप पिशवीत घालून भडगावला नेली.

वडिलांनी चाक बोटावर फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "फवारानी नळी लाव." फवारणीच्या पंपाची जाड रबरी नळी, औषधानंसुद्धा न कुजणारी. मला वर्षभर सुचलं नव्हतं ते. पट्टा बदलायला झाकण काढलेली टेप तशीच उघडी ड्राइव्हसोबत एका ताटात ठेवली आणि आम्ही दोघं नळीचा तुकडा आणायला गेलो.

परत आलो तर आईनं दसऱ्याची पूजा मांडली होती. विळा, खुरपी, वडिलांचं फावडं, सगळी हत्यारं, आणि मधोमध माझं ताट. ड्राइव्हवर झेंडू. उघड्या टेपवर ओली हळद, कुंकू, वर गुळाचा खडा.

आई हसून म्हणाली, "बठ्ठा हत्यारेस्नी पूजा करी. हाऊ एकलाच उपाशी ठेवू का?"

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. अडाणी हा शब्द त्यात होता. ज्या बाईनं मला शिकवायला कापूस वेचला तिला मी तो शब्द म्हणाले, सणाच्या दिवशी. तिला काय झालं ते कळलंसुद्धा नाही. ती ताटाकडे बघत राहिली, मग चुलीपाशी जाऊन बसली आणि दिवसभर जेवली नाही.

वडील मात्र माझ्याकडे वळले. "तिले काय माहीत? तुले माहीत व्हतं ना, मंग उघडं काबं ठेवं?"

मी ताट उचलून आत नेलं. 

धुळ्याला परतले ती रिकामं डोकं घेऊन. कोरडं कुंकू फुंकून उडवलं. ओली हळद स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली, तर बोळ्याला हळदीबरोबर टेपचा तपकिरी थरही आला. तो थर म्हणजेच हजेरी. मी पुसत होते आणि माणसांचे दिवस कापसाला लागत होते. हात थांबवला. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

टेपच्या सुरुवातीला कुठे काय आहे याची यादी असते. नेमकी तीच गेली होती. ती नसली की नेहमीच्या प्रोग्रॅमला ती टेप कोरी. मग मी स्वतः एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. यादी न मागता जे हाताला लागेल ते वाच, एवढंच त्याला सांगितलं. मुलांची प्रॅक्टिकल्स संपली की दुपारी तीन ते पाच मला कॉम्प्युटर मिळायचा. टेपमध्ये दुसरा पट्टा घातला, नळीचा तुकडा चाकावर बसवून पॉलिश पेपरनं घासला. पहिल्या दिवशी टेप हातभर चालून थांबली. दुसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी कचकन आवाज आला आणि मला वाटलं तुटली. तुटली नव्हती, गुळाचा कण अडकला होता. सहाव्या दिवशी मी वडिलांना पत्र लिहिलं की माझ्यानं होत नाही. ते पत्र पर्समध्येच राहिलं, कारण टपालपेटी वाटेत नव्हती.

दिवाळीला पाच दिवस उरले असताना टेप या टोकापासून त्या टोकाला गेली, परत आली, परत गेली. पडद्यावर आधी नुसता कचरा आला. मग मध्येच एक गाव. मग एक नाव, नावापुढे तारखा. ते वडिलांचं नव्हतं. त्यांच्याबरोबर माती भरणाऱ्या एका म्हाताऱ्याचं होतं. मी खुर्चीवरून उठले नाही. शिपाई खोली बंद करायला आला, त्याला म्हटलं, "भाऊ, थोडं थांबा." तो दारात थांबला.

वडिलांचं नाव साडेपाचला आलं.

निघालं ते सगळं छापून तो कागद मी स्वतः जळगावला नेऊन दिला. साहेबांनी तो पुन्हा पुन्हा उलटून पाहिला आणि विचारलं, "एवढे खाडे पाडूनही दिवस भरलेत?"

"भरलेत," मी म्हटलं.

टेपवर सहा वर्षांची हजेरी होती. पाच वर्षांची निघाली, एका वर्षाची निघाली नाही. ती पाच वर्षं कचेरीनं मान्य केली. वडील आणि त्यांच्यासोबतची अकरा माणसं कायम झाली.